जागा कुणाची?

अमेरिकन फुटबॉलमध्ये एक नियम आहे, जो कुठल्याही नियमपुस्तकात सापडत नाही: दुखापत झाली म्हणून खेळाडूची जागा जात नाही. तो बरा होऊन परतला की जागा त्याची. प्रशिक्षक हे वर्षानुवर्षं पत्रकारांना सांगत आले आहेत. आणि बॅकअप खेळाडू अपेक्षेपेक्षा फारच चांगला खेळायला लागला, की तेच प्रशिक्षक हा नियम मोडतही आले आहेत.

मला या नियमात खेळापेक्षा जास्त रस आहे. आजारपण, बाळंतपण किंवा अपघातामुळे काही महिने बाजूला झालेला माणूस परत आल्यावर त्याच्या जागेचं काय करायचं, हा प्रश्न कुठल्याही ऑफिसात असतोच. पण ऑफिसात त्याचं उत्तर गुळमुळीत देता येतं. नवं पद काढता येतं, काम वाटून देता येतं, 'बघू पुढच्या महिन्यात' म्हणता येतं. क्वार्टरबॅकच्या बाबतीत यातलं काहीच चालत नाही.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. एनएफएलच्या संघात ५३ खेळाडू असतात, मैदानावर एका वेळी ११. आक्रमणाच्या जवळजवळ प्रत्येक चालीत चेंडू आधी क्वार्टरबॅकच्या हातात येतो. फेकायचा, कुणाकडे फेकायचा, की धावणाऱ्याच्या हातात द्यायचा, हे तो दोन-तीन सेकंदांत ठरवतो, आणि तेवढ्या वेळात समोरची शे-सव्वाशे किलोची माणसं त्याला आडवं करायला धावत असतात. बाकीच्या जागांवर खेळाडू आलटून-पालटून वापरता येतात. क्वार्टरबॅक मात्र विकेटकीपरसारखा, एका वेळी एकच. एकाला घेतलं की दुसरा बाकावर.

एक छाती, एक करार आणि १९९वा खेळाडू

या प्रश्नाचं सर्वांत प्रसिद्ध उदाहरण २००१ सालचं आहे. न्यू इंग्लंड पेट्रियट्सचा क्वार्टरबॅक होता ड्रू ब्लेडसो. १९९३च्या ड्राफ्टमध्ये सगळ्यांत आधी निवडला गेलेला खेळाडू. मार्च २००१मध्ये संघाने त्याच्याशी १० वर्षांचा, १० कोटी ३० लाख डॉलरचा करार केला. २३ सप्टेंबरला न्यूयॉर्क जेट्सच्या मो लुईसने त्याला अशी धडक दिली की छातीतली रक्तवाहिनी फाटली आणि आत रक्त साचायला लागलं. बाहेरून ते दिसत नव्हतं. ब्लेडसो थोडा वेळ पुन्हा खेळायलाही उतरला होता.

त्याच्या जागी आला टॉम ब्रेडी. २०००च्या ड्राफ्टमध्ये सहाव्या फेरीत, १९९व्या क्रमांकावर निवडलेला. नोव्हेंबरमध्ये डॉक्टरांनी ब्लेडसोला खेळायची परवानगी दिली, पण प्रशिक्षक बिल बेलिचिक यांनी ब्रेडीलाच ठेवलं. ब्लेडसो नाराज होता, आणि ते त्याने लपवलं नाही. पुढे जानेवारी २००२मध्ये पिट्सबर्गविरुद्धच्या उपांत्य लढतीत ब्रेडीचाच घोटा दुखावला. ब्लेडसो आत आला, त्याने टचडाउन पास दिला, संघ २४-१७ने जिंकला. आणि पुढच्याच आठवड्यात, सुपर बोलमध्ये, पुन्हा ब्रेडी खेळला. पेट्रियट्स २०-१७ने जिंकले. काही आठवड्यांत ब्लेडसोची रवानगी बफेलोला झाली.

त्या सुपर बोलमध्ये समोरच्या संघाचा क्वार्टरबॅक होता कर्ट वॉर्नर. एके काळी आयोवातल्या एका किराणा दुकानात रात्रपाळीला फळ्यांवर माल लावणारा हा माणूस. त्याला जागा मिळाली होती १९९९मध्ये, मोसम सुरू होण्याआधीच्या सरावसामन्यात ट्रेंट ग्रीनचा गुडघा फाटला म्हणून. म्हणजे त्या दिवशी मैदानावर असलेले दोन्ही क्वार्टरबॅक दुसऱ्याच्या दुखापतीतून तिथे पोचले होते.

आज ब्रेडीच्या नावावर सात सुपर बोल आहेत, त्यामुळे बेलिचिक यांचा निर्णय 'उघड' वाटतो. नोव्हेंबर २००१मध्ये तो उघड नव्हता. तेव्हा एका बाजूला आठ वर्षं संघ ओढलेला माणूस होता आणि दुसऱ्या बाजूला काही सामने खेळलेला पोरगा.

बासरी कुणाला द्यायची?

अमर्त्य सेन यांच्या 'द आयडिया ऑफ जस्टिस' (२००९) या पुस्तकात तीन मुलांचं आणि एका बासरीचं उदाहरण आहे. एकीला बासरी वाजवता येते. दुसऱ्याकडे खेळायला दुसरं काहीच नाही. तिसरीने ती बासरी स्वतः बनवली आहे. प्रत्येकाचं म्हणणं एकट्याने ऐकलं तर पटतं. सेन यांचा मुद्दा असा, की यातलं एक कारण खरं आणि बाकीची खोटी असं नसतं. तिन्ही न्यायाचीच कारणं असतात आणि तरीही ती एकमेकांच्या आड येतात.

क्वार्टरबॅकची जागा ही तशी बासरी आहे. बॅकअप म्हणतो, आज मी जास्त चांगली वाजवतो. जखमी खेळाडू म्हणतो, हा संघ मी घडवला, आणि मी काही चूक केल्यामुळे बाहेर गेलो नाही, तुमच्यासाठी खेळताना मोडलो. बाकावरच्या खेळाडूचं आणखी एक म्हणणं असतं: मला संधी मिळायला कुणाची तरी हाडं मोडावी लागतात, मग ती संधी मी सार्थकी लावली तरी परत काढून घेणार असाल तर मी सराव कशासाठी करू?

याखेरीज संघातले उरलेले खेळाडू असतात. त्यांच्या कारकिर्दी छोट्या असतात, शरीरं रोज झिजत असतात. त्यांचा हक्क एवढाच, की जिंकण्याची सर्वांत जास्त शक्यता ज्याच्यामुळे आहे तो समोर असावा. हे म्हणणं मला जड वाटतं. मैदानावरची जागा हे बक्षीस नाही. ब्लेडसोला त्याच्या आठ वर्षांबद्दल काहीतरी देणं संघ लागतो, हे मान्य. पण ते देणं बाकीच्यांच्या मोसमातून फेडायचा अधिकार प्रशिक्षकाला कुणी दिला?

इथपर्यंत पाहिलं तर उत्तर सोपं वाटतं: जो आज जास्त चांगला तो खेळेल. पण यात दोन अडचणी आहेत. पहिली म्हणजे 'आज जास्त चांगला कोण' हे सामन्याआधी कळत नाही.

शुला यांनी दोनदा दिलेलं उत्तर

१९६८मध्ये बॉल्टिमोर कोल्ट्सचे प्रशिक्षक होते डॉन शुला. त्यांचा क्वार्टरबॅक जॉनी युनायटस त्या काळचा सर्वांत मोठा खेळाडू, पण त्याचं कोपर निकामी झालं. त्याच्या जागी आलेल्या अर्ल मॉरलने संघाला १४ पैकी १३ सामने जिंकून दिले आणि लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. जानेवारी १९६९मध्ये, तिसऱ्या सुपर बोलमध्ये, मॉरलने पहिल्या अर्ध्यातच तीन वेळा चेंडू प्रतिस्पर्ध्यांच्या हातात दिला. युनायटस बाकावर बसला होता. मध्यंतरानंतरही शुला यांनी मॉरललाच पाठवलं. युनायटसला आणेपर्यंत उशीर झाला होता. त्याने संघाचं एकमेव टचडाउन मिळवून दिलं, पण जेट्स १६-७ने जिंकले.

चार वर्षांनी शुला मायामी डॉल्फिन्सकडे होते आणि मॉरलही तिथेच बॅकअप होता, वय ३८. १९७२च्या मोसमात पाचव्या सामन्यात बॉब ग्रीसीचा पाय मोडला. मॉरलने उरलेल्या मोसमात एकही सामना हरू दिला नाही. उपांत्य लढतीत मध्यंतराला पिट्सबर्गशी ७-७ अशी बरोबरी होती. या वेळी शुला यांनी मॉरलला बसवलं आणि बरा झालेल्या ग्रीसीला उतरवलं. डॉल्फिन्स २१-१७ने जिंकले. सुपर बोलही ग्रीसीच खेळला, आणि संघाने १७पैकी १७ सामने जिंकून मोसम संपवला. सुपर बोलसकट सगळं जिंकलेला तो एनएफएलच्या इतिहासातला आजवरचा एकमेव संघ आहे. त्यातले ११ सामने मॉरलने सुरू केले होते.

तोच प्रशिक्षक, तोच बॅकअप. एकदा बॅकअपला धरून ठेवलं आणि हरले, एकदा त्याला बसवलं आणि जिंकले. निकालावरून न्याय करायचा तर १९६९चे शुला चुकले आणि १९७२चे शुला बरोबर होते. पण मोसमभर जिंकून दिलेल्या, त्या वर्षीच्या सर्वोत्तम खेळाडूवर पहिला अर्धा वाईट गेल्यावरही विश्वास ठेवणं यात अविचारी काय होतं? आणि अजिंक्य असलेल्या खेळाडूला बरोबरी असताना बसवणं हे हरल्यावर कसं दिसलं असतं?

१९७६मध्ये बर्नार्ड विल्यम्स आणि थॉमस नेगल या दोन तत्त्वज्ञांनी 'नैतिक नशीब' ही कल्पना मांडली: माणसाच्या हातात नसलेल्या गोष्टींवरून आपण त्याला बरा-वाईट ठरवतो, आणि तसं ठरवू नये हे पटत असूनही ती सवय सुटत नाही. क्वार्टरबॅकच्या निवडीत हे रोकडं दिसतं. ब्रेडी आणि वॉर्नर आपल्याला आठवतात म्हणून 'बॅकअपवर विश्वास ठेवा' हा धडा वाटतो. संधी मिळून काहीच न जमलेल्या बॅकअपवर कुणी सिनेमा काढत नाही.

म्हणून मला वाटतं, या निवडीत प्रशिक्षकाला निकालाबद्दल कमी आणि कारणांबद्दल जास्त जाब विचारला पाहिजे. त्याने कुणाच्या फायद्याचा विचार केला? कराराच्या रकमेकडे बघून ठरवलं की खेळाकडे बघून? करार ब्लेडसो खेळला तरी झालेला होता आणि नाही खेळला तरी. गेलेला पैसा वसूल करण्यासाठी आजचा सामना घालवणं हा न्यायही नाही आणि हिशेबही नाही.

सर्व्हर खोटं बोलत नाही

दुसरी अडचण मला जास्त महत्त्वाची वाटते आणि ती माझ्या धंद्यामुळे चटकन दिसते.

मी सॉफ्टवेअरमध्ये आहे. मुख्य डेटाबेस बंद पडला की स्टँडबाय त्याची जागा घेतो, याला आम्ही फेलओव्हर म्हणतो. मुख्य सर्व्हर दुरुस्त झाला की त्याला परत मुख्य करायचं की नाही, हा प्रश्न येतो. बरेचदा उत्तर असतं, 'चाललंय ना? मग हात लावू नका.' प्रत्येक अदलाबदलीत धोका असतो, म्हणून चालू आहे ते चालू ठेवायचं. एका अर्थी बेलिचिक यांनी तेच केलं.

पण सर्व्हर दर काही सेकंदांनी आपली तब्येत कळवत असतो, आणि त्याला ती लपवण्यात काही फायदा नसतो. 'मी आजारी आहे असं सांगितलं तर माझी जागा जाईल' असं तो म्हणत नाही. माणूस म्हणतो. तब्येतीची बातमी जागेशी जोडली गेली, की ती बातमी खरी राहत नाही.

११ नोव्हेंबर २०१२ला सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनाइनर्सचा क्वार्टरबॅक ॲलेक्स स्मिथच्या डोक्याला मार बसला. काही चाली तो तसाच खेळला, मग नजर धूसर झाल्यामुळे बाहेर आला. मेंदूला धक्का बसला होता. तो मोसम त्याच्या आयुष्यातला सर्वांत चांगला चालला होता. दहापैकी सात पास अचूक. त्याच्या जागी आलेल्या कॉलिन केपर्निकने शिकागोला ३२-७ने उडवलं. स्मिथ बरा झाला, डॉक्टरांनी होकार दिला, पण प्रशिक्षक जिम हारबॉ यांनी केपर्निकला कायम ठेवलं. संघ सुपर बोलपर्यंत गेला आणि तीन गुणांनी हरला. पुढच्या वर्षी स्मिथ कॅन्सस सिटीला गेला.

फक्त त्या आठवड्याचा विचार केला तर हारबॉ यांचं काय चुकलं? काहीच नाही, असंही म्हणता येईल. पण त्या दिवशी लीगमधल्या प्रत्येक क्वार्टरबॅकने एक धडा घेतला असणार: डोळ्यांपुढे अंधारी आली तर गप्प बस.

जॉन रॉल्स यांचा १९५५चा एक निबंध इथे उपयोगी पडतो. ते म्हणतात, एखादी प्रथा योग्य आहे का आणि त्या प्रथेतली एक कृती योग्य आहे का, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. त्यासाठी ते बेसबॉलचं उदाहरण देतात: तीन स्ट्राइकनंतर बाद होणारा फलंदाज 'मला आज चौथी संधी देणं सगळ्यांच्या हिताचं आहे' असं म्हणू शकत नाही. तसं म्हटलं तर तो त्या खेळाबद्दल बोलतच नसतो. 'दुखापतीत जागा जात नाही' ही तशी प्रथा आहे. प्रत्येक वेळी मोडायला चांगलं कारण सापडतं, आणि प्रत्येक वेळी मोडल्यावर ती प्रथा उरत नाही.

मग ती कधीच मोडू नये का? मला वाटतं, इथे एक फरक करायला हवा. काही दुखापती लपवता येत नाहीत. फाटलेला गुडघा, मोडलेला पाय, छातीत साचलेलं रक्त, यांचा सुगावा आज ना उद्या लागतोच. तिथे जागा राखून ठेवली नाही म्हणून सत्य बुडत नाही. लांबच्या गैरहजेरीनंतर परतणाऱ्याला मोकळ्या स्पर्धेत उतरायला सांगणं मला अन्यायाचं वाटत नाही. पण काही दुखापती फक्त खेळाडूलाच कळतात. डोकं गरगरतंय, दिसत नीट नाही, हे त्याने सांगितलं तरच समजतं. अशा दुखापतीसाठी जागा राखून ठेवलीच पाहिजे, निदान डॉक्टरांनी परवानगी देईपर्यंत आणि पुढच्या पहिल्या सामन्यापुरती तरी. ही त्याच्यावर मेहेरबानी नाही. खरं बोलण्याची किंमत त्याच्याकडून वसूल करायची नाही, एवढाच तिचा अर्थ. या हिशेबात ब्लेडसोबाबतचा निर्णय टिकतो आणि स्मिथबाबतचा टिकत नाही.

यावर आक्षेप येईल, की मग त्या एका सामन्याचा तोटा बाकीच्या ५२ जणांनी का सोसायचा? कारण उद्या डोकं त्यांच्यापैकी कुणाचंही आपटेल. हा विमा आहे, आणि हप्ता सगळ्यांनीच भरायचा असतो.

'मी ठीक आहे'

याची उलटी बाजू रॉबर्ट ग्रिफिनची. वॉशिंग्टनने त्याला मिळवण्यासाठी पहिल्या फेरीतले तीन आणि दुसऱ्या फेरीतला एक हक्क मोजला होता. त्याच २०१२च्या ड्राफ्टमध्ये चौथ्या फेरीत त्यांनी कर्क कझिन्सलाही घेतलं. डिसेंबरमध्ये ग्रिफिनचा गुडघा दुखावला, तेव्हा कझिन्सने आत येऊन तो सामना वाचवला आणि पुढच्या आठवड्यात क्लीव्हलँडला हरवलं. म्हणजे बॅकअप भरवशाचा होता.

६ जानेवारी २०१३ला सिएटलविरुद्ध वॉशिंग्टनने १४-० अशी आघाडी घेतली. पहिल्याच क्वार्टरमध्ये ग्रिफिनचा गुडघा पुन्हा दुखावला आणि तो लंगडत खेळत राहिला. स्टेडियममध्ये बसलेल्यांनाही ते दिसत होतं. प्रशिक्षक माइक शॅनहन यांनी त्याला विचारलं, तो म्हणाला मी खेळू शकतो, आणि शॅनहन यांनी त्याच्या शब्दावर विश्वास ठेवला. शेवटच्या क्वार्टरमध्ये तो गुडघा चेंडू उचलायला वळतानाच दुमडला. दोन अस्थिबंध फाटले. संघ २४-१४ने हरला. ग्रिफिनचा पहिल्या मोसमातला वेग पुन्हा दिसला नाही.

खेळाडूच्या शब्दाचा मान राखणं ही चांगली गोष्ट आहे. पण ज्याला 'नाही' म्हटल्यावर सगळं गमवावं लागतं, त्याचं 'हो' हे स्वातंत्र्य नसतं. बावीस वर्षांच्या मुलाला, मागे कझिन्स वॉर्म-अप करत असताना, 'तू ठीक आहेस ना?' असं विचारणं म्हणजे जबाबदारी त्याच्या लंगड्या पायावर टाकणं. पुढे २०१३पासून एनएफएलने मैदानाच्या कडेला संघाशी संबंध नसलेले मेंदूतज्ज्ञ ठेवायला सुरुवात केली. ती व्यवस्थाही २०२२मध्ये टुआ टॅगोवायलोआच्या वेळी तोकडी पडली: एका रविवारी तो मैदानावर भेलकांडला, तरी परत खेळला, आणि चारच दिवसांनी त्याला स्ट्रेचरवरून न्यावं लागलं. त्यानंतर नियम आणखी कडक झाले. पण दिशा बरोबर आहे. जखमी माणूस खेळेल की नाही हे त्याने आणि प्रशिक्षकाने ठरवायचं नाही, कारण दोघांचाही स्वार्थ एकाच बाजूला असतो.

देणं राहतंच

आपल्याकडेही हे घडलं आहे. डिसेंबर २०१६मध्ये चेन्नईत करुण नायरने इंग्लंडविरुद्ध नाबाद ३०३ धावा केल्या. तो खेळत होता कारण मुंबईचा अजिंक्य रहाणे जखमी होता. पुढच्या कसोटीत, फेब्रुवारी २०१७मध्ये हैदराबादला, रहाणे परतला आणि नायर बाहेर बसला. कर्णधार विराट कोहलीचं म्हणणं होतं की एका डावाने दुसऱ्याची दोन वर्षांची मेहनत पुसली जात नाही. रहाणेने ८२ धावा केल्या. म्हणजे निर्णय 'बरोबर' ठरला. नायर मात्र त्यानंतर तीन कसोटी खेळून जो बाहेर गेला, तो २०२५पर्यंत परतला नाही.

कोहलीने प्रथा पाळली, हारबॉ यांनी मोडली, आणि दोन्हीकडे एक माणूस असा उरला ज्याने काहीही वावगं केलं नव्हतं. योग्य निर्णयानंतरही कुणाचं तरी देणं शिल्लक राहतं. ते फेडायचे मार्ग साधे आहेत: निर्णय त्याला इतरांच्या आधी, तोंडावर सांगणं. कारण खरं सांगणं. 'अजून पूर्ण बरा नाही' या सबबीआड न लपणं. पुढची संधी कधी आणि कशावर मिळेल हे स्पष्ट करणं, आणि ती इथे नसेल तर त्याला जाऊ देणं.

नोव्हेंबर २०१६मध्ये डॅलसचा टोनी रोमो पाठीच्या मणक्याच्या दुखापतीतून बरा झाला, तोवर चौथ्या फेरीतल्या डॅक प्रेस्कॉटने संघाला सलग आठ सामने जिंकून दिले होते. रोमोने पत्रकारांसमोर एक लिहून आणलेलं निवेदन वाचलं आणि ही जागा प्रेस्कॉटने कमावली आहे असं मान्य केलं. त्याचं सगळीकडे कौतुक झालं, ते योग्यच होतं. मला फक्त त्या कौतुकाचं पुढे काय होतं याची धास्ती वाटते. एकाने दाखवलेला मोठेपणा लगेच सगळ्यांकडून अपेक्षित धरला जातो. मग जो ब्लेडसोसारखा 'मला हे मान्य नाही' म्हणतो तो संघभावना नसलेला ठरतो. रोमोने दिलं ते त्याचं होतं म्हणून ते दान होतं. संस्थेने ते मागायला सुरुवात केली की ती वसुली होते.

ब्लेडसो नाराज होता, आणि तरी पिट्सबर्गमध्ये हाक आली तेव्हा तयार होता. पेट्रियट्सला त्याच्याकडून एवढंच मागण्याचा हक्क होता. नाराजी त्याची स्वतःची होती, आणि ती त्याच्याकडेच राहू द्यायला हवी होती.